आठ चिंचोके, सोळाशे फेरे

लोकांच्या मोटारी जळायच्या तेव्हा आमच्या घरात चूल पेटायची. बोलायला बरं वाटतं म्हणून लिहीत नाही, खरंच तसं होतं. माझे वडील मोटार रिवाइंडिंगचं काम करतात. विहिरीवरच्या मोटारीला व्होल्टेज कमी मिळालं की ती तापते, आतली तांब्याची तार जळते, आणि शेतकरी ती मोटार गाडीच्या मागच्या सीटवर बांधून दुकानात आणून टाकतो. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत आमच्या दारात मोटारींची रांग लागायची. पावसाळ्यात पंप बंद, आमचं काम बंद. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने काम, आणि उरलेले महिने दुसऱ्याचं काही जळतंय का याची वाट बघायची. मायला हे बोललेलं आवडायचं नाही. पण पिठाचा डबा हलवल्यावर वाजायला लागला की तीच विचारायची, "कुणाची आली का न्हाई वो अजून?"

आम्ही मूळचे हसनाबादचे. तिथं तीन भावांत जमीन वाटली गेली आणि आमच्या वाट्याला जे आलं त्यावर एक बैलसुद्धा फिरला नसता. म्हणून वडील अंबडला आले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. अंबडला पत्र्याची एक खोली, पुढच्या अर्ध्यात दुकान, मागच्या अर्ध्यात घर, मध्ये पोत्याचा पडदा. वार्निशचा वास पडद्याला ऐकत नाही. माझ्या केसांना, दप्तराला, भाकरीला तोच वास. शाळेत पोरी माझ्याजवळ बसताना नाक मुरडायच्या. एक जण म्हणाली होती, "हिच्या अंगाला मोटारीचा वास येतो." मी घरी येऊन साबण घासला. साबणालाही वास लागला.

कामात माय बरोबरीनं असायची. जळालेली तार छिन्नीनं तोडायची, खाचा घासायच्या, आणि नवी तार गुंडाळायच्या हातमशीनचं हॅन्डल फिरवायचं. त्या मशीनवर फेरे मोजायचा काटा होता, तो माझ्या जन्माच्या आधीच मोडला होता. म्हणून माय तोंडानं मोजायची. शंभर झाले की स्टीलच्या वाटीत एक चिंचोका टाकायची आणि पुन्हा एकपासून सुरू. मध्ये कुणी बोललं तर हातानं गप्प बस म्हणून खुणवायची, पण हॅन्डल थांबत नसे. मायला लिहिता येत नाही. मात्र तिची वाटी कधी चुकलेली मी पाहिली नाही.

दादा चौथीपर्यंत शिकलेले. जालन्याला एका उस्तादाकडे त्यांनी काम उचललं. तो उस्ताद म्हणे जळालेल्या कॉइलचा गुच्छ मधून कापायचा आणि कापलेली टोकं मोजायला लावायचा. "हात मत गिनो, तार गिनो," असं त्याचं सांगणं. जितकी टोकं, तितके फेरे. दोन तारा एकत्र धरून गुंडाळल्या असतील तर टोकं दुप्पट, फेरेही दुप्पट. दादांनी तीच रीत धरली आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत तशीच लिहून ठेवली. जुनी मोटार तशी मोजायची, नवी तशीच भरायची. त्यात चूक निघायचं कारणच नव्हतं. हे मी आज इतकं सरळ लिहितेय. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं सुचलंही नव्हतं.

बारावीनंतर मी जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. रोज एसटीनं जाणं-येणं. आमच्या घरात, आमच्या भावकीत, कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी मला निम्मं कळत नसे, कारण शिकवणं इंग्रजीत. पण दुसऱ्या वर्षी विद्युतधारा आणि चुंबकीय क्षेत्राचा भाग आला आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे तर आमच्या घरचं आहे. तारेतून स्थिर धारा गेली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राची कडी तयार होतात. तारेचे बारीक बारीक तुकडे धरायचे, प्रत्येकाचं क्षेत्र काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. गुंडाळलेली तार असेल तर धारा गुणिले फेरे; फेरे वाढले की क्षेत्र वाढतं. वर्गात सगळे सूत्र उतरवत होते आणि मला मायचं हॅन्डल दिसत होतं.

घरी येऊन मी उजव्या हाताचा नियम दादांच्या कॉइलवर करून बघितला. बोटं धारेच्या दिशेनं वळवायची, अंगठा जिकडे जाईल तिकडे उत्तर ध्रुव. दादा वार्निशचा ब्रश थांबवून बघत राहिले.

"हे काय करून राह्यली?"

"अंगठ्यानं चुंबकाची दिशा काढून राह्यले."

"तुझ्या आज्यानं जन्मभर अंगठ्यानं सही केली," दादा म्हणाले. "आन तू अंगठ्यानं चुंबक काढ."

तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली, निकाल बाकी होता. त्या उन्हाळ्यात दादांकडे चुंबक आलं.

जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आणि सळ्यांच्या गिरण्या पुष्कळ. तिथं भंगार आणि सळ्यांचे तुकडे उचलायला क्रेनला मोठं गोल चुंबक टांगतात. धारा सोडली की लोखंड चिकटतं, बंद केली की पडतं. अशा एका यार्डाच्या मालकाचं छोटं चुंबक जळालं. ते शेठजी राजस्थानातून येऊन तीन पिढ्या इथं राहिलेल्या घरातले, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलणारे. दादांनी त्यांच्या पाण्याच्या मोटारी भरल्या होत्या, म्हणून त्यांनी चुंबकही पाठवलं. दादांनी असलं काम कधी केलेलं नव्हतं. मोटार चालते ए.सी.वर, चुंबक डी.सी.वर. आतली जुनी कॉइल तर जळून गोळा झालेली, टोकं मोजायची सोयच नाही. किती वजन उचलतं ते लिहिलेली पट्टीही उडून गेलेली. दादांनी जागा भरेल इतकी तार भरली, वार्निश केलं, सुकवलं.

मग शेठजींनी फोनवर विचारलं, "भरलं ते ठीक. उचलेल किती?"

दादांना मोटारीबद्दल असा प्रश्न कुणी विचारत नाही. मोटार पाणी देते किंवा देत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि फोनमध्ये म्हणाले, "आमची बाई बी.एस्सी.ला हाय. हिशेब करून सांगते."

मी काय करायला पाहिजे होतं ते मला आज ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मला फक्त एवढंच दिसत होतं की तीन वर्षांच्या एसटीच्या धक्क्यांचा आज उपयोग होणार. मी वही घेऊन बसले. मीटर लावून कॉइलचा रोध मोजला, अकरा ओहम. यार्डातलं पॅनल एकशे दहा व्होल्टचं, म्हणजे धारा दहा अँपिअर. मधल्या ध्रुवाचा व्यास सोळा सेंटिमीटर. आणि लोखंड कधी सपाट चिकटत नाही, मध्ये फट राहते, ती किती धरायची?

"करंगळीभर धर," दादा म्हणाले.

मी त्यांची करंगळी पट्टीवर ठेवून मोजली. बारा मिलिमीटर. त्यांना हसू आलं. "पोरगी माझी करंगळी बी सोडंना."

"आणि फेरे किती?"

त्यांनी लाल वही उघडली. "सोळाशे."

सोळाशे गुणिले दहा, सोळा हजार. त्यावरून फटीतलं क्षेत्र, क्षेत्राच्या वर्गावरून बळ, बळावरून वजन. दोनदा तपासलं. गुणाकारात चूक नव्हती. अकराशे चाळीस किलो. दादांनी लगेच फोन लावला आणि आकडा सांगितला, शेवटच्या चाळीससकट. मला वाटतं त्या चाळीसनंच घात केला. नुसतं "टनभर उचलंल" म्हटलं असतं तर शेठजी म्हणाले असते, बघू. अकराशे चाळीस म्हटल्यावर माणसाला वाटतं, एवढं नेमकं सांगतात म्हणजे बराबरच असणार. शेठजी म्हणाले, चुंबक आणा, बसवा, परवा सकाळी अकराला आठशे किलोचा सळ्यांचा गठ्ठा उचलून बघू.

ठरल्या दिवशी दादा चुंबक घेऊन सात वाजताच निघून गेले. जाताना मी विचारलं, "तुम्ही कुठं थांबणार?"

"गठ्ठ्यापाशीच. क्रेननं उचललं की गठ्ठा गोल फिरतो, हात लावून धरावा लागतो."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. अकराशे चाळीसमध्ये आठशे सहज बसतात.

नऊच्या सुमारास मी दुकान झाडत होते. माय मागे भाकरी करत होती. मशीनजवळ तिची वाटी होती, चुंबक भरल्यापासून तशीच पडलेली, कारण त्यानंतर काम आलेलं नव्हतं. वाटीत चिंचोके होते. उचलून डब्यात टाकायचे म्हणून मी हातावर ओतले. आठ.

मी पुन्हा मोजले. आठ चिंचोके दोनदा मोजायला वेळ लागत नाही. मग खाली शोधले, मशीनखाली, चटईखाली. मग नजर मशीनशेजारच्या रिळांच्या स्टँडवर गेली. तारेची दोन रिकामी रिळं शेजारीशेजारी लावलेली होती.

"माय, चुंबकाला हॅन्डल किती फिरवलं?"

"आठशे."

"दादांच्या वहीत सोळाशे हाय."

"मंग बराबर हाय की," माय पडद्याआडून म्हणाली. "दोन तारा हाती घेतल्त्या. जाड तार मिळाली न्हाई. आठशे ही, आठशे ती."

झाडू माझ्या हातातच होता. दोन तारा एकत्र गेल्या म्हणजे दहा अँपिअर दोन्हींत वाटून जाणार, पाच आणि पाच. मी दोन्ही तारांत दहा-दहा धरलं होतं. धारा गुणिले फेरे सोळा हजार नाही, आठ हजार. क्षेत्र निम्मं. आणि बळ क्षेत्राच्या वर्गावर जातं, म्हणून बळ निम्मंही नाही, पाव. अकराशे चाळीसचा पाव भाग, दोनशे पंच्याऐंशी किलो. आणि दादा आठशेच्या गठ्ठ्याला हात लावून उभे राहणार होते.

फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. यार्डात लोखंडाचा एवढा आवाज असतो की खिशातला फोन कळतच नाही. शेठजींचा नंबर दादांच्याच फोनमध्ये. मी मायला म्हणाले, "मी जालन्याला चालले."

"भाकरी?"

"आल्यावर."

"निकाल लागला का काय?" माय पडदा बाजूला करून बघत राहिली. मी चपला घालून निघाले.

अंबड-जालना एसटीचा तो रस्ता मी तीन वर्षं रोज केला होता. कुठं खड्डा आहे, कुठं ड्रायव्हर चहाला थांबतो, सगळं पाठ. त्या दिवशी तो चहाला थांबला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. कंडक्टर ओळखीचा होता, म्हणाला, "परीक्षा संपली ना ताई, आता कशाची घाई?" मी मोबाइलवर वीस वेळा तोच नंबर लावला. मधल्या वेळात मनात भांडण चालू होतं, आणि ते भांडण मी खरं सांगणार आहे. मी ठरवत होते की पोचल्यावर म्हणायचं, दादांची वही चुकीची आहे. फेरा म्हणजे फेरा, तार नव्हे. जगात सगळीकडे असंच मोजतात, फक्त आमच्या दुकानात वेगळं. हे खरंही होतं. असं म्हटलं की माझं सूत्र, माझं कॉलेज, माझे तीन वर्षांचे कष्ट स्वच्छ राहणार होते, आणि मोडणार होतं ते दादांचं नाव. एसटी शहराच्या जवळ आली तसं मला आठवलं की फेरे किती, एवढंच मी विचारलं होतं. फेरा म्हणजे काय, हे विचारलं नव्हतं. करंगळी मोजली, फेरा मोजला नाही.

स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हणाले, जल्दी चला. तो म्हणाला, जल्दीच चाललोय, आता काय उडू का?

यार्डाच्या गेटवर वॉचमननं अडवलं. नोंदवहीत लिहिल्याशिवाय आत सोडणार नाही. नाव लिहिलं, गाव लिहिलं, वेळ लिहिली, दहा पन्नास. शेवटचा रकाना होता, येण्याचं कारण. मी लिहिलं, हिशेबात चूक. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, "ऑफिस डावीकडे." मी उजवीकडे पळाले.

क्रेन मधोमध उभी होती. चुंबक गठ्ठ्यावर टेकवलेलं. दादा गठ्ठ्याच्या टोकाशी, उजवा हात सळ्यांवर, मान वर करून ऑपरेटरच्या इशाऱ्याची वाट बघत. शेठजी सावलीत खुर्चीवर, फोनवर बोलत. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ओरडून उपयोग नव्हता, बाजूला सळ्या कापायचा कटर चालू होता. मी सरळ जाऊन क्रेन आणि गठ्ठा यांच्या मध्ये उभी राहिले.

ऑपरेटरनं केबिनमधून डोकं काढलं. "ओ ताई, मरायचंय का? हटा तिथून."

दादांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं घरी काही झालं. "माय बरी हाय ना?"

"बरी हाय. दादा, तुम्ही आधी बाजूला या. चुंबक हे उचलणार न्हाई."

"परवाच तर तू म्हणली, अकराशे..."

"फेरे आठशेच हायेत."

"सोळाशे हायेत. वहीत लिवलेत."

"हॅन्डल किती फिरलं?"

"आठशे. तारा दोन व्हत्या. आठ दुणे सोळा." ते ऑपरेटरकडे बघून जरा हसले, पोरगी गोंधळली म्हणून. "बी.एस्सी. तू हाय का मी?"

ऑपरेटरही हसला. "म्याडमला पाढे न्हाई शिकवले वाटतं."

तोपर्यंत शेठजी उठून आले होते. कटर थांबला होता. म्हणजे जे बोलायचं ते आता सगळ्यांना ऐकू जाणार होतं. मी दादांना म्हणाले, "दादा, दहा घागरी पाणी दोन माणसांनी आणलं, तर एकेकानं किती आणल्या?"

"पाच."

"मी दोघांच्याही नावावर दहा-दहा लावल्या. दहा अँपिअर दोन तारांत वाटून जातं. म्हणून चुंबक निम्मं आणि त्याची ओढ पावच. दोनशे पंच्याऐंशी किलो."

दादांना ते लगेच कळलं. जाड तार मिळाली नाही की दोन बारीक तारांत भार वाटायचा, हे तर तेच रोज करतात. त्यांनी गठ्ठ्यावरचा हात काढला आणि तो हात बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे मी डबल लिवलं."

इथं एसटीत ठरवलेलं वाक्य, वही चुकीची आहे, माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हणाले, "तुम्ही बराबर लिवलं. मी इचारलं न्हाई. चूक माझी हाय." हे मी शेठजींकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

शेठजी माझ्याकडे वळले. "बेटा, परवा अकराशे चाळीस. आज दोनशे पंच्याऐंशी. उद्या किती?"

"उद्याही दोनशे पंच्याऐंशीच."

"आणि आठशे जर ते उचलणारच नाही, तर धोका कशाचा? उचललं नसतं, आपण घरी गेलो असतो."

"सगळा गठ्ठा उचलला नसता. वरच्या सळ्या उचलल्या असत्या. त्या अर्ध्यावर जाऊन सुटल्या असत्या, आणि दादांचा हात त्याखाली होता."

ऑपरेटर केबिनमधून खाली उतरला.

शेठजी म्हणाले, "मग करून दाखव. आकडा तू दिलास, तूच तपास."

मी फक्कीनं जमिनीवर मोठा गोल काढला आणि उचलताना गोलात कुणी यायचं नाही असं सांगितलं. दादांनी ते सगळ्यांना दोनदा सांगितलं, जसं काही ती त्यांचीच अट होती. गठ्ठा फिरू नये म्हणून हाताऐवजी लांब दोर बांधला. मग काट्यावर सळ्या तोलून छोटे गठ्ठे बांधले, आणि चुंबक व लोखंडाच्या मध्ये बारा मिलिमीटरची फळी ठेवली, दादांच्या करंगळीएवढी. ऑपरेटर म्हणाला, फळी कशाला, नुसतं तर जास्त उचलंल की. मी म्हणाले, भंगार काय इस्त्री करून येतं का? तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या बाजूनं हसला.

दीडशे किलो. उचललं, धरलं. दादा बोटं दुमडून सेकंद मोजत होते. दोनशे, धरलं. अडीचशे. गठ्ठा फूटभर वर गेला आणि तिथं थांबला. धरलं. पाच मिनिटं धरलं. मग तीनशेचा गठ्ठा बांधला. माझ्या हिशेबानं हे पडायला पाहिजे होतं. आणि मला एकाच वेळी दोन्ही भीती वाटत होत्या: पडलं तर मोठा आवाज होणार, न पडलं तर मी पुन्हा चुकलेली असणार.

गठ्ठा हातभर वर उठला. एक टोक वाकलं. मग सगळा एकदम सुटून गोलाच्या आत पडला. सळ्या फक्कीच्या रेघेपर्यंत घरंगळल्या, एक रेघेवर येऊन थांबली. दादांनी आधी सळ्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"दोनशे पंच्याऐंशी," शेठजी म्हणाले. "अडीचशेला धरलं, तीनशेला सोडलं." मग म्हणाले, "मला हजाराचं पाहिजे होतं."

"हे हजाराचं व्हणार न्हाई," दादा म्हणाले. "ह्या डब्यात मावंल तेवढी तार मी भरली. हजाराला डबाच मोठा लागंल." इतक्या ठामपणे बोलताना मी त्यांना यार्डात कधी पाहिलं नव्हतं.

शेठजींनी चुंबक ठेवून घेतलं, सळ्यांचे तुकडे निवडायला. वर किती लिहायचं ते त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, शंभर. ते म्हणाले, आत्ता तर अडीचशे उचललं. मी म्हणाले, फट रोज करंगळीएवढीच राहील असं कुणी सांगितलंय? दादांनी पिवळ्या रंगात "१०० किलो" लिहिलं. शेठजींनी हिशेबाचा कागद मागितला, तो मी तिथंच बसून स्वच्छ लिहून दिला. खाली सही केली आणि पदवी लिहिताना थांबले. मग लिहिलं, बी.एस्सी. (निकाल बाकी). तो कागद प्लास्टिकमध्ये घालून पॅनलच्या आत चिकटवला आहे.

परतीच्या एसटीत दादा खिडकीशी बसले होते. म्हणाले, "उस्ताद असता तर म्हणला असता, तार गिनो." मी म्हणाले, "गिनायचीच. फक्त हॅन्डल बी गिनायचं." ते मान हलवत राहिले, हो की नाही ते कळलं नाही. घरी आल्यावर मायनं पहिलं विचारलं, "लागला का निकाल?" आणि दादांनीच सांगितलं, "लागला. तिचा न्हाई, माझ्या वहीचा."

लाल वहीत त्या दिवसापासून दोन रकाने आहेत, एक तारा आणि एक फेरे. फेऱ्यांचा आकडा माय वाटी बघून सांगते. ते चुंबक अजून चालू आहे आणि त्याखाली कुणाला लागलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझा निकाल लागला. मी बी.एस्सी. पास झाले, भौतिकशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली पहिली पदवी ती. दादांसोबत यार्डात जाऊन मी पॅनलमधल्या कागदावरचा कंस खोडून आले.